थैली पुढे येते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे

हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा आपला ख्रिस्ती सण, जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी लग्नं, वाटण्या, मुलांची शिक्षणं. या दिवसांत मात्र सगळे मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, देण्याघेण्याबद्दल विचारतात. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीची खजिनदारी सांभाळली. उपासनेत दानासाठी फिरवतात त्या थैलीतली चिल्लर मोजून माझी बोटं काळी झालेली आहेत. त्या बोटांनी जे कळलं तेच लिहिते.

बाई, सलाम. आमच्या मंडळीत दर वर्षी उपासनेनंतर वर्गणीची यादी वाचतात. कोणी किती दिले, कोणाची किती बाकी, सगळे. माझी आई कांदे काढायला, कपाशी वेचायला रोजाने जाते. यंदा गुडघ्यामुळे तिचे बरेच खाडे झाले. तिच्या नावापुढे सहाशे रुपये बाकी वाचली गेली. त्यानंतर चार महिने ती उपासनेला आलेली नाही, प्रभुभोजनही (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायचा विधी) चुकले. पंचांना विचारले तर म्हणाले, 'यादी वाचली नाही तर पैसा येत नाही.' मी तिची बाकी गुपचूप भरून टाकू का?
– एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कारण अशी यादी मी स्वतः वाचलेली आहे.

1991 साली खजिनदारी माझ्याकडे आली. आधीचे खजिनदार यादी वाचायचे, म्हणून मीही वाचायला लागले. शाळेत हजेरी घेतात तशी खणखणीत आवाजात. पाचव्या वर्षी एका गवंडीकाम करणाऱ्या भावाचं नाव आलं, बाकी तीनशे. तो उठला, टोपी हातात घेतली आणि बाहेर गेला. पुढच्या रविवारी बघते तर तो दाराबाहेर, चपला काढतात तिथे पायरीवर बसलेला. गीतं बाहेरूनच म्हणत होता. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याने चहा ठेवायला सांगितला, पाट दिला, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "बाई, पैसे नाहीत हे मला ठाऊकच होतं. तुम्ही ते माझ्या जावयाला सांगितलंत."

त्याचा जावई त्या रविवारी पहिल्यांदाच आमच्या मंडळीत आला होता. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडून बसले. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या वेळी काय चाललंय ते प्रेषित पौल लिहितो : एक जण भुकेला राहतो, दुसरा पोट फुटेस्तोवर खातो-पितो. आणि मग तो विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? हा प्रश्न मला उद्देशून आहे असं त्या रात्री वाटलं, आजही वाटतं. तुमच्या आईचं प्रभुभोजन पैशावाचून चुकलेलं नाही. चारचौघांत लाजवलं म्हणून चुकलं.

आता तुमचा प्रश्न. गुपचूप बाकी भरू नका, निदान आधी तरी नको. भरलीत तर यादीत तिच्या नावापुढे शून्य येईल आणि सगळे समजतील की यादी वाचल्याचा उपयोग झाला. पुढच्या वर्षी आणखी कोणाची तरी आई घरी बसेल. मुळात बाकी हा शब्द किराणा दुकानातला आहे. तिथे माल घेतलेला असतो, म्हणून पैसे देणं लागतो. देवाच्या घरातून तुमच्या आईने उधारीवर काय नेलं होतं?

तेव्हा आधी पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटा. एकट्या जाऊ नका, एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घ्या. त्यांना सांगा, की ते स्वतः आणि पंचांपैकी एक जण असे दोघे आईच्या घरी गेले पाहिजेत. पैशाचा विषय काढायला नाही, माफी मागायला. जमलं तर प्रभुभोजन घरीच द्यावं. आजारी माणसाला देतात तसं. तिचा गुडघा आजारी आहेच, मनही आहे.

पंचांपुढेही एक गोष्ट ठेवा. आम्ही त्या गवंडी भावानंतर यादी बंद केली आणि पाकिटं सुरू केली. दर घराला वर्षाची बारा पाकिटं. वर नाव नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे खजिनदार आणि एक पंच अशा दोघांनाच माहीत. रिकामं पाकीट टाकलं तरी चालेल असं आम्ही वेदीवरून सांगितलं होतं, आणि रिकामी पाकिटं येतही होती. उपासनेत वाचायची ती फक्त महिन्याची एकूण जमा आणि एकूण खर्च. ज्यांना खरंच जमत नाही त्यांची वर्गणी माफ करायचा अधिकार पंचांकडे ठेवला, म्हणजे मंडळीच्या मतदार यादीतून नाव गळायचा प्रश्नही राहिला नाही. बऱ्याच मंडळ्यांत वर्गणी नाही तर मत नाही असं असतं, तुमच्याकडेही असेल, तर तेवढं नक्की बघा.

पंच म्हणतात तसं पैसे कमी आले का? हो, आले. पहिल्या वर्षी जमा घटली आणि पाळकांचा पगार दोनदा उशिरा झाला. नावासाठी देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तिसऱ्या वर्षी आम्ही पहिल्या आकड्यावर परत आलो. ती दोन वर्षं कठीण होती, पण पायरीवर कोणी बसलेलं नव्हतं.

विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे एका गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपल्याकडे थैली फिरवण्याआधी हमखास सांगतात. मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय. ती सांगणाऱ्यांनी वरच्या दोन-चार ओळीही वाचाव्यात असं मला फार वाटतं. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना येशू तिथे खडसावतो, आणि लगेच पुढे ही विधवा येते. शिवाय तिने काय टाकलं ते येशू तिच्यादेखत बोलत नाही. शिष्यांना बाजूला बोलावून सांगतो. ती आली, टाकलं आणि निघून गेली. तिचं नाव आपल्याला आजही माहीत नाही.

आमच्याकडे हंगामाच्या सणाच्या लिलावात मागच्या वर्षी एक लिंबू पाच हजारांना गेले. तरुण मंडळी म्हणतात हे नुसते प्रदर्शन आहे, लिलाव बंद करा. जुनी माणसे ऐकत नाहीत. तुमचे मत काय?
– मंडळीचा एक सभासद, जालना जिल्हा

माझं मत लिलावाच्या बाजूने आहे आणि ते लपवत नाही. दाराला बांधलेली उसाची मोळी, वेदीपुढे बाजरीची कणसं, काशीफळं, पाय बांधलेल्या कोंबड्या, तुपाची बरणी, कोथिंबिरीच्या जुड्यांचा वास. वर्षातला हा एक रविवार असा असतो की ज्याच्या हातात नोट नाही तोही काहीतरी घेऊन येतो. शहरातल्या माणसाला लिंबाचे पाच हजार वेडेपणा वाटेल. पण लिंबू विकत घेणारा तेच लिंबू परत देतो, 'पुन्हा लावा' म्हणतो, दुसरा बोली वाढवतो, आणि अंगणात बसलेली मंडळी हसते. तो आनंद खोटा नाही.

आमच्या मंडळीत एक म्हातारी बाई पदराच्या गाठीत एकच अंडं बांधून आणायची. एका वर्षी लिलाव पुकारणाऱ्याने ते अंडं उंच धरलं तेव्हा कुणीतरी खिदळलं. बाईने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागून एका शेतकऱ्याने एकशे एक म्हटलं आणि पैसे देऊन अंडं परत केलं. दुसऱ्याने घेतलं, परत केलं. माझ्या वहीत त्या अंड्याच्या अकरा नोंदी आहेत. शेवटी पाळकीणबाईंनी ते खुडूक कोंबडीखाली ठेवलं. म्हातारीने मात्र चौथ्या-पाचव्या बोलीलाच पदर खाली घेतला होता आणि बोटांवर मोजत बसली होती, ते मी पाहिलं.

याच अंगणात मी दुसरंही पाहिलंय. दोन चुलतभाऊ सोसायटीच्या निवडणुकीतलं भांडण एका काशीफळावर काढत होते. फळ अकरा हजारांना गेलं. पुढचा सण आला तरी त्यातला एक रुपया जमा नव्हता, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या बाकावर बसेनाशी झाली. तेव्हा लिलाव ठेवा, पण बोली रोखीची ठेवा. पैसे दिल्याशिवाय पुढची वस्तू पुकारायची नाही. आणि ईर्ष्या चढतेय असं दिसलं की पुकारणाऱ्याने तिथेच 'तीन वार' म्हणून मोकळं व्हावं. पुकारणारा तसा हवा.

आणखी एक करा. आलेल्या मालातला एक भाग लिलावाला लावूच नका. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी नि परक्यांसाठी राहू द्या, असं सांगितलंय. बायबलमधली विधवा रूथ अशीच वेचायला गेली होती. आमच्याकडे दोन मोठ्या पाट्या आधीच बाजूला काढतात आणि त्या संध्याकाळीच जायच्या त्या घरी जातात. लिलाव संपेपर्यंत थांबलं तर भाजी मान टाकते.

मी हिंजवडीत नोकरी करतो. आईचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. खर्च, गाडीभाडे, औषधे मीच बघतो. मी जात असलेल्या प्रार्थनासभेतले सेवक म्हणतात की आईवडिलांना दिलेले दशांशात (देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागात) धरायचे नाही, आणि दशांश पूर्ण पगारावर काढला नाही तर बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाप्रमाणे देवाला लुटल्यासारखे आहे, शाप येतो. दोन महिने दशांश दिला तर आईचे पैसे कमी पडले. रात्री भीती वाटते. काय करू?
– एक तरुण, पुणे

बाळा, तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. आधी आईचं बघ. या वाक्यापुढे दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण तुझी भीती जावी म्हणून लिहिते.

मार्काचा सातवा अध्याय काढ. येशूच्या काळी लोक म्हणायचे, 'आई, तुला माझ्याकडून जे मिळालं असतं ते कुर्बान आहे', म्हणजे देवाला अर्पण केलंय. आणि मग आईबापांना काही द्यायला मोकळीक नाही. धर्माच्या नावाने हात वर. येशूने त्यावर फार कडक शब्द वापरलेत. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता, असं तो म्हणाला. आईचं डायलिसिस थांबवून दिलेला दशांश आणि त्या लोकांची कुर्बान यांत मला फरक दिसत नाही.

तुझ्या सेवकांनी मलाखीचा तिसरा अध्याय दाखवला ना? त्यांना म्हणावं, दहावं वचन वाचण्याआधी पाचवं वाचा. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा नि पोरक्यांना नाडणारे, परक्याला न्याय न देणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो असं तिथे आहे. आणि दहाव्या वचनात दशांश भांडारात आणायचा तो कशासाठी, तर मंदिरात अन्न असावं म्हणून. ते अन्न कोणाचं? बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे : दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, पोरका, विधवा यांनी तो पोटभर खायचा. दशांश मुळातच भुकेल्याच्या ताटाकडे चाललेला आहे. तुझं ताट आईपुढे आहे.

तीमथ्याला लिहिताना पौल सांगतो की मुलांनी आधी आपल्या घरच्यांशी सुभक्तीने वागायला शिकावं, वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत, हे देवाला आवडतं. पूर्ण पगार की हातात येणारा पगार, हा हिशेब नव्या करारात कुठे सापडत नाही. ज्याला जसं यश मिळालं तसं त्याने बाजूला ठेवावं, असं आहे. महिन्याला शंभर रुपये मनापासून देता आले तर दे. नाही जमले तर एखाद्या रविवारी बाक पुसून दे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याला कागद दाखव. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांतही सोय आहे. तू अजून विचारलं नसशील तर या आठवड्यात विचार. शापाची भीती घालणाऱ्या माणसांपैकी कोणी आईला गाडीत बसवून डायलिसिसला नेलंय का, तेही एकदा आठवून बघ. नेलं असेल तर त्यांचं बाकीचं बोलणं ऐकून घे.

मी मंडळीत हिशेब मागितला तर 'पंचांवर विश्वास नाही का' असे ऐकून घ्यावे लागले. हिशेब मागणे प्रीतीच्या विरुद्ध आहे का?
– निवृत्त कारकून, सोलापूर

नाही. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पैसे जमवले, तेव्हा पौलाने ते एकट्याने नेले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला आणखी एक बंधू दिला, आणि कारणही लिहून ठेवलं : एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं?

थैली नेहमी दोघांनी मोजावी, नात्यातल्या दोघांनी नाही. मोजल्यावर तिथेच वहीत दोघांच्या सह्या. पावतीशिवाय एक रुपयाही खर्ची टाकू नये, अगदी मेणबत्त्यांचाही. तुमची मंडळी ज्या विश्वस्त संस्थेखाली नोंदलेली असेल तिला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने दर वर्षी हिशेब तपासून द्यावाच लागतो, तेव्हा कागद कुठेतरी असणारच. तुम्ही कारकून होतात. हिशेब मागण्याऐवजी हिशेब लिहायला मदत करतो असं म्हणून बघा. मला बावीस वर्षांत असं म्हणणारा एकच माणूस भेटला आणि त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

आमच्या आळीतला एक तरुण माणूस अचानक वारला. बायको, बारा वर्षांची मुलगी. आम्ही काही जणांनी वर्गणी काढून धान्य-किराणा दिला. देताना फोटो काढून ग्रुपवर टाकले, म्हणजे देणाऱ्यांना कळावे. आता ती बाई आमच्याशी नीट बोलत नाही. आमचे काय चुकले?
– एक वाचक, वसई

फोटो चुकला. तो आजच काढून टाका आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलाय त्यांनाही सांगा. ती बाई बोलत नाही कारण तिच्या मुलीने तो फोटो कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिला असणार. बारा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या मुलांनी पिशवीवरून ओळखावं, यापेक्षा उपाशी झोपणं तिला बरं वाटलं असतं. मी आयुष्यभर त्या वयाच्या मुली शिकवल्या आहेत.

देणगीदारांना हिशेब द्यायचा तर किराणा दुकानाची पावती द्या, माणसाचा चेहरा नको.

मी नगरची, तुमची धर्मग्रामाची, म्हणजे कॅथलिक चर्चची, रीत माझी नाही, पण तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे ती मी सांगावी याचं नवल वाटू देऊ नका. वसईतल्या अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल संस्थेचं काम चालतं. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने मित्रांसोबत ते सुरू केलं. त्यांचा रिवाज असा की गरजू घरी दोघादोघांनी जायचं, बसायचं, बोलायचं. आणि सभेत आपापसांत गुप्त वर्गणी गोळा करायची : पिशवी फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो. ज्याच्याकडे आहे तो टाकतो, आणि कोणी काय टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमची पाकिटं आठवली आणि फार बरं वाटलं.

1993 च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आम्हीही कपडे गोळा केले. पोत्यांनी आले. उघडून पाहिलं तर काखेत फाटलेले सदरे, विटलेली पातळं, एकेक मोजा. आमच्या महिला मंडळाच्या बाया दोन दिवस ते निवडत बसल्या. एका बाईंनी प्रत्येक सदऱ्याची बटणं तपासली, नसतील तिथे लावली, आणि दर गाठोड्यात सुईदोरा ठेवला. कोणीतरी म्हणालं, 'तिथे माणसं मेलीत नि तुम्ही बटणं काय लावता?' त्या म्हणाल्या, 'जी जगलीत त्यांनी उघड्या छातीने हिंडायचं का?'

तुम्ही आता दोघी जणी तिच्या घरी जा. हातात काही नेऊ नका. मुलीची फी शाळेच्या कचेरीत परस्पर भरता येते, पण तेही आधी तिच्या आईला विचारून. आणि तिने काही करून दिलं, लोणचं दिलं, वेणी दिली, तर घ्या. नाही म्हणू नका. घेत राहणाऱ्या माणसाला कधीतरी द्यायचंही असतं.

बाई, माझे वय अठ्ठ्याहत्तर. मालक गेले. सगळा पैसा मुलाच्या हाती, तो वाईट नाही, पण मागायला जीव होत नाही. रविवारी थैली पुढे आली की मी रिकामी मूठ आत घालून काढते. हे देवाला फसवणे आहे का?
– एक आजी, राहुरी तालुका

आजी, नाही. आणि तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर माझ्या आईकडे होतं.

1972 च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापताना चिरायची, वासही वेगळाच. आई दळायला काढताना मापातून एक मूठ परत काढायची आणि चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. आम्ही पाच भावंडं, आम्हाला ती मूठ दिसायची. मी एकदा म्हटलं, "आई, आपल्यालाच पुरत नाही." आई म्हणाली, "एका मुठीने आपलं पोट भरत नाही, मग राहू दे तिकडं."

डबा भरला की ती तो पदराखाली घेऊन पाळकीणबाईंकडे द्यायची. पुढे मला कळलं की त्या उन्हाळ्यात आमच्या मुठींचं धान्य नदीपलीकडच्या वस्तीवरच्या एका बाळंतिणीकडे जात होतं. ती बाई आमच्या मंडळीतली नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. आईने तिला कधी पाहिलं नाही.

हे फक्त आमच्याकडचं नाही. तिकडे मिझोरमात 1910 च्या सुमारास बायकांनी हेच सुरू केलं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ वेगळी काढायची. त्याला त्या 'बुहफाइ थाम' म्हणतात. मंडळीच्या बाया घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात, विकतात आणि मंडळीच्या कामाला लावतात. त्या मुठींतून तिथे आता वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. कोणाही बाईला नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे हात पसरावा लागत नाही, कारण चुलीजवळचं माप तिच्याच हातात असतं.

तुमच्या घरी दळण कोण काढतं? तुम्ही काढत असाल तर प्रश्नच मिटला. सून काढत असेल तर तिला विश्वासात घ्या. 'मला एक मूठ दे' असं म्हणा, तिला समजेल. तीही कोणाच्या तरी घरी उद्या आजी होणार आहे. पाळकांना सांगून ठेवा की महिन्याने डबा न्यायला कोणाला तरी पाठवा. रविवारची थैली पुढे आली तर मूठ खुशाल रिकामी घाला. तुमची मूठ घरी डब्यात आहे.

डबा घट्ट झाकणाचा घ्या. बाजरी-ज्वारी असेल तर आधी एक दिवस उन्हात वाळवा, आणि तळाशी नि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, ओला नको. गव्हाला सोंडकिडे लवकर लागतात, तो महिन्याच्या आत बाहेर पडू द्या.